तिसऱ्यांदा कोण विचारतं

यझ्द, १२ मेहर

आमचे थोरले, आमचे खानदादाश लुत्फुल्ला,

तुमच्यावरून जीव ओवाळून टाकते. तुमची तब्येत ठीक असेल तर माझीही ठीकच आहे, आणि ठीक नसेल तर कळवू नका, मला झोप लागायची नाही.

मुलूकवहिनी गेल्याला आठ महिने झाले. रश्तच्या त्या चिकट पावसात तुम्ही एकटे काय खाता, कसे राहता, ह्याचा विचार करत मी रोज पाच वेळा उसासे टाकते. आज बतूल शेजारीण आली होती, तिनेच विषय काढला. म्हणाली, भाऊ एकटा आणि बहीणही एकटी, मग मध्ये एवढा रस्ता कशाला? मी म्हटलं, अगं, मी काय कमी सांगते? तर दादाश, तुम्ही यझ्दला या. माझ्या डोळ्यांवर पाय ठेवून या. खालची खोली रिकामी आहे, उन्हाची आहे, घर तुमचंच आहे आणि मी तुमची दासी.

वरच्या खोलीत मात्र एक बाई ठेवली आहे. डेन्मार्क नावाच्या देशातली, बिर्गित नावाची. वय सत्तावीस, लग्न नाही, आई आहे, बाप नाही. फारसी बोलते, फक्त शब्द चावून चावून बोलते. तिला म्हणे आपल्या रोजच्या जगण्याचा अभ्यास करायचाय. मी म्हटलं, बाई, आमच्या जगण्यात अभ्यास करण्यासारखं काय आहे? आम्ही उठतो, भांडतो, जेवतो. तिने तेसुद्धा वहीत लिहून घेतलं.

पहिल्याच दिवशी तिला जेवायला बोलावलं. ती म्हणाली, नको, त्रास होईल. मी आग्रह केला. ती म्हणाली नको. मी पुन्हा केला. ती नकोच. चौथ्यांदाही नको म्हणाली तेव्हा मला वाटलं, काय खानदानी मुलगी आहे, आपल्यापेक्षा वरचढ. पाचव्या वेळेला माझाच धीर सुटला आणि मी तिला दंडाला धरून बसवली. मग कळलं की तिने कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं की इराणी लोकांना आधी नाही म्हणायचं असतं. कितीदा ते पुस्तकात नव्हतं. बिचारी सकाळपासून उपाशी होती.

तुमच्या पायाची धूळ,
इशरत

*

रश्त, २४ मेहर

प्रिय आबजी इशरत,

तुझं पत्र आलं, डोळ्यांना लावलं, दोनदा वाचलं. अक्षर तुझं अजून चौथीतलंच आहे, पण माया थोरली आहे.

त्या परदेशी बाईपासून जरा जपून राहा. चहाच्या कचेरीत बत्तीस वर्षं काढली, त्यात मी एक इंग्रज पाहिला आहे. तो विचारायचा, तुम्ही लोक चहा पिण्याआधी एवढं बोलता का? मी म्हणालो, साहेब, बोलण्यासाठीच तर चहा असतो. ह्या लोकांना प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं, आणि कारण सांगितलं की त्यांचं तोंड वेडंवाकडं होतं. तू तिला आपल्या घरातलं सगळं सांगत बसू नकोस. आईच्या शेवटच्या आजाराचं तर मुळीच नको.

इकडची बातमी म्हणजे सीरूसचं लग्न ठरलं. सीरूस म्हणजे मुलूकच्या बहिणीचा मुलगा, तुला आठवत असेल, लहानपणी नाक वाहायचं तो. हे घर मुलूकच्या माहेरचं, त्यामुळे नवरानवरी इथेच येणार हे उघड आहे. याल्दाची, वर्षातली सर्वांत लांब रात्र सरली की दहा दिवसांत लग्न. परवा तो आणि त्याची आई आले. म्हणाले, काका, तुम्ही कुठे जाणार, हे घर तुमचंच. आता माणूस असं म्हणतो तेव्हा काय उत्तर द्यायचं ते मला कोणी शिकवायला नको. मी म्हणालो, छे छे, इशरत केव्हापासून यझ्दला या म्हणून मागे लागली आहे. ते पुन्हा म्हणाले, मी पुन्हा नाही म्हणालो, मग मिठाई आली आणि विषय संपला.

अर्थात ते मी बोलण्यापुरतं बोललो. मला जागांची काय कमी? तू बोलावतेस हे तुझं मोठेपण, पण ह्या वयात बहिणीच्या अंगावर जाऊन पडणं मला शोभत नाही. तुला कशाला उगीच त्रास.

सोबत दोन डबे चहा पाठवतो आहे. गेल्या वेळेसारखा उकळून काळा करू नकोस.

तुझा भाऊ,
लुत्फुल्ला

*

यझ्द, ९ आबान

माझ्या डोळ्यांच्या प्रकाशा, दादाश,

त्रास हा शब्द तुमच्या लेखणीतून उतरला कसा? मला त्रास? तुम्ही आलात तर ह्या घराच्या भिंती हसतील. मी दुसऱ्यांदा सांगते, या. आता बतूलसुद्धा विचारायला लागली आहे, खालच्या खोलीचं काय झालं म्हणून.

चहा मिळाला. काय वास, काय रंग. हात दुखू नयेत तुमचे.

बिर्गितचं ऐका. परवा ती माझ्याबरोबर हमामात आली. दारात बतूल आणि सराफाची बायको समोरासमोर आल्या. बतूल म्हणाली, तुम्ही आधी. ती म्हणाली, तुम्ही वडीलधाऱ्या, तुम्ही आधी. बतूलला वडीलधारी म्हटलेलं लागलं, पण ती म्हणाली, नाही, तुमचाच मान. असं बराच वेळ चाललं. मागे सहाजणी गाठोडी घेऊन उभ्या. बिर्गितने घड्याळ काढलं. शेवटी दोघी एकदम शिरल्या आणि दारात अडकल्या. बिर्गितने लिहिलं, सात मिनिटं. मला अशी लाज वाटली की अंगाला साबण न लावताच बाहेर आले.

तुम्ही म्हणता तिला सांगू नको. पण दादाश, ती आपल्याला बघते त्याच्या दसपट आपल्या बाया तिला बघतात. ती पाणी उभ्याने पिते, मांजरालासुद्धा आभार म्हणते, दोरीवर काय काय वाळत घालते, आईला कितीदा पत्र लिहिते, हे बतूलला तोंडपाठ आहे. रोज दुपारी चौघीपाचजणी येऊन बसतात आणि विचारतात, नवरा का नाही, आई पाठवते कशी, तिकडे मेलेल्याला रडतात का? बिर्गित ते प्रश्नही लिहून घेते. म्हणते, हे फार महत्त्वाचं आहे. बाया घरी जाऊन सांगतात, हिच्याकडून फार शिकायला मिळतं. कोण कोणाचा अभ्यास करतंय ते माझ्या डोक्यावरून जातं.

एक गोष्ट मात्र मनात बसली. तिने मागच्या आठवड्यात आईला पत्र लिहिलं, हिवाळ्यात इकडे ये. आईचं उत्तर आलं, येते. मी विचारलं, तू किती वेळा आग्रह केलास? ती म्हणाली, एकदा. आणि आई किती वेळा नको म्हणाली? ती म्हणाली, नको कशाला म्हणेल? मला तर वाटलं, कसली मायलेकरं, प्रेमच नाही.

तुमची दासी,
इशरत

*

रश्त, २० आबान

प्रिय आबजी,

दोन मायलेकींमध्ये एक शब्द इकडे आणि एक तिकडे, असल्या संसारात काय रस असणार. आपल्याकडे मागे पुढे करण्यात माणसाची किंमत कळते. तुझ्या बिर्गितला हे सांग. वाटल्यास माझं नाव घालून लिही म्हणावं वहीत.

इथे पाऊस आहे. मी चहाच्या खोक्यावर कागद ठेवून लिहितो आहे, कारण मेज सीरूसच्या आईने रंगवायला नेलं. मुलूकचा समोवार समोरच्या विधवेला देऊन टाकला, गालिचे गुंडाळून सुतळी बांधली. ह्या वयात सामान हलकं असलेलं बरं असतं. खोल्या रिकाम्या झाल्या की आवाज घुमतो. काल मी खोकलो तर पलीकडून कोणी उत्तर दिल्यासारखं वाटलं.

तुझं बोलावणं वाचून डोळे भरून आले. पण नको गं आबजी. यझ्दची कोरडी हवा माझ्या छातीला मानवेल की नाही कोण जाणे. आणि तुझ्या घरी परदेशी पाहुणी असताना मी एक म्हातारा मध्येच कुठे. नाही, नाही. तू मला आठवलंस तेवढं पुरे आहे.

तसं यझ्दची बस आठवड्यातून दोनदा सुटते असं चौकात कोणीतरी सांगत होतं. मी काही मुद्दाम विचारलं नाही. खालच्या खोलीत ऊन किती वाजेपर्यंत असतं?

तुझा,
लुत्फुल्ला

*

यझ्द, २ आझर

दादाश,

ह्या वेळी सुरुवातीला काही ओवाळून टाकलं नाही म्हणून रागावू नका. कारण सांगते.

बिर्गितने मला तिची वही वाचून दाखवली. त्यात लिहिलंय, इशरतखानम एका दिवसात एकेचाळीस वेळा म्हणाल्या की त्या कोणासाठी तरी जीव देतील. भाजीवाल्यासाठी तीन वेळा. त्या दिवशी कोणीही जीव दिला नाही. दादाश, माझे कान तापले. मी म्हटलं, म्हणजे आम्ही खोटारड्या का? ती म्हणाली, नाही, पण तुम्हाला काय हवंय ते मला कळत नाही. मी म्हटलं, थांब, दाखवते तुला. त्या शुक्रवारपासून मी ठरवलं, मनात असेल तेच बोलायचं आणि दुसरा बोलेल ते खरं मानायचं. महिनाभर.

पहिली सापडली बतूल. चहाचा एक पेला झाला, तिने डोक्यावरची चादर सावरली आणि म्हणाली, चला, निघते, फार वेळ घेतला तुमचा. मी म्हटलं, बरं. ती उठली, दाराशी गेली आणि तिथेच उभी राहिली. मी बस म्हणावं म्हणून वाट बघत होती. मी काही बोलले नाही. कितीतरी वेळ ती चपलेत पाय घालत होती आणि काढत होती. शेवटी म्हणाली, इशरत, माझं काही चुकलं का? मी म्हटलं, नाही, तूच म्हणालीस ना निघते? तेव्हापासून ती आली नाही. बिर्गितने तेही लिहून घेतलं, पण तिला वाईट वाटलेलं दिसलं.

तर आता तुमच्याशीही खरंच बोलायला हवं. तुमचा चहा मला आवडत नाही. वीस वर्षं झाली, डबे मी हमामवालीला देते. आम्ही इथे हिंदुस्थानातला पितो.

आणि दुसरं. तुम्ही दोनदा लिहिलंत की यायचं नाही, हवा मानवणार नाही, जागांची कमी नाही. मी ते खरं मानलं. खालची खोली बिर्गितच्या आईला दिली. ती दे महिन्याच्या सुरुवातीला येते. भिंतींना चुना लावून घेतला. ऊन दुपारी दोनपर्यंत असतं.

इशरत

*

रश्त, १० आझर

इशरत,

पत्र मिळालं.

चहाबद्दल. लाहिजानच्या टेकडीवरचा पहिल्या तोडीचा चहा वीस वर्षं हमामवालीने प्यायला, हे वाचून मी दोन दिवस कोणाशी बोललो नाही. तो चहा मी स्वतः निवडायचो. पानं हातात चोळून, वास घेऊन, मग डब्यात भरायचो. मंत्र्यांच्या घरी जायचा तो. तू उकळत होतीस, तो दोष चहाचा नाही. चार मिनिटं झाकून ठेवायचा आणि पाणी उकळीच्या जरा अलीकडे काढायचं, हे मी तुला तुझ्या लग्नाच्या वर्षी लिहून दिलं होतं. हिंदुस्थानी चहाला रंग असतो, बाकी काही नसतं. असो. मला वाईट वाटलेलं नाही.

बाईंची आई येते आहे, आनंद आहे. त्यांची नीट बडदास्त ठेव.

तुझ्या बिर्गितला माझा एक प्रश्न विचार, केवळ अभ्यास म्हणून. सभ्य माणूस किती वेळा नाही म्हणतो आणि त्याला किती वेळा विचारलं जातं, ह्याचा तिने काही आकडा काढला आहे का? म्हणजे दोनदा नाही म्हटल्यावर तिसऱ्यांदा विचारण्याची पद्धत आहे ना? माझ्या आठवणीप्रमाणे तरी होती.

लुत्फुल्ला

*

यझ्द, १७ आझर

दादाश,

तुमचा प्रश्न बिर्गितला सांगितला. तिला एवढा आनंद झाला की तिने वही उघडून जमिनीवर पसरली. ती म्हणते, तुमच्यासारख्या जुन्या माणसाने विचारलं म्हणजे तिचा अभ्यास बरोबर रस्त्यावर आहे.

तिचा हिशेब असा. पहिल्यांदा सगळेच विचारतात. दुसऱ्यांदाही जवळजवळ सगळे. तिसऱ्यांदा मात्र तोच विचारतो ज्याला समोरच्याचा हो ऐकायचा असतो. तिने हे ह्या गल्लीतल्या बारा घरांत बघितलं. मी म्हटलं, असं काही नसतं. तिने मला पान दाखवलं.

बाकी सगळं ठीक आहे. ठेंगणं मेज ठेवून कोरसी मांडली, खाली निखारे आणि वर आईची ती मोठी रजई. आम्ही दोघी पाय घालून बसतो. याल्दासाठी कलिंगडं टांगून ठेवली आहेत. बतूल अजून बोलत नाही.

इशरत

*

रश्त, २२ आझर

आबजी,

तिचा हिशेब मी चार वेळा वाचला. बरोबर आहे.

आता मी असं पत्र लिहितो आहे जसं मी कधी कोणाला लिहिलं नाही, वडिलांनाही नाही. मला इथून जायचं आहे आणि कुठे जायचं ते मला माहीत नाही. जागांची कमी नाही हे खोटं होतं. मेहरच्या बाराव्याला तू पहिल्यांदा लिहिलंस त्याच्या आधीच मी ह्या लोकांना सांगून बसलो होतो की तू मला बोलावतेस. तुला उत्तर देताना ते लोक परवा आले म्हणून लिहिलं, ते महिन्यापूर्वीचं होतं. मग तुझं पत्र आलं. मला वाटलं, देवाने ऐकलं.

पहिल्यांदा नाही म्हणालो कारण म्हणायचं असतं. दुसऱ्यांदाही त्याचसाठी. आणि तू तिसऱ्यांदा विचारशील ह्यात मला तिळमात्र शंका नव्हती, म्हणून ते दुसरं पत्र लिहिण्याआधीच समोवार देऊन टाकला. आपल्या घरात तिसऱ्यांदा न विचारलेलं मी अडुसष्ट वर्षांत पाहिलं नाही. मी दार बंद करून बसलो आणि पोस्टमनची वाट बघत राहिलो.

मला भीती वाटते इशरत. ह्या घरात आवाज घुमतो. मुलूक गेल्यावर मी कोणासमोर रडलो नाही, कारण सांत्वन करायला आलेल्यांना चहा कोण देणार हेच मला कळेना. मला तुझ्याकडे यायचं आहे. राहायला यायचं आहे, पाहुणा म्हणून नाही. येऊ का?

लुत्फुल्ला

*

यझ्द, २७ आझर

दादाश,

तुम्ही सरळ विचारलंत, मी सरळ सांगते. वाचताना बसा.

पहिल्यांदा बोलावलं तेव्हा माझ्या मनात नव्हतं. बतूल समोर बसली होती आणि तिने विषय काढला म्हणून लिहिलं. दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा तर हात थांबत होता, म्हटलं आता हा हो म्हणतो की काय. तुमचं ते सीरूसच्या लग्नाचं आणि याल्दानंतरच्या दहा दिवसांचं सगळं मला कळलं होतं. मी काही चौथीतली राहिले नाही. खोक्यावर कागद ठेवून लिहिता, गालिचे बांधलेत, बस आठवड्यातून कितीदा सुटते हे कळवता, ह्याचा अर्थ आंधळ्यालाही कळेल. तरी मी कळलं नाही असं दाखवलं. तुमचा दुसरा नकार आला त्या दिवशी मी अंगणात बसून एक अख्खं डाळिंब खाल्लं, दाणा दाणा करून, आनंदाने. बिर्गितच्या वहीचं आणि खरं बोलण्याचं निमित्त मला आयतंच मिळालं. तुमचा शब्द खरा मानला असं म्हणून मी तुमच्या तोंडावर दार लावलं, आणि वर प्रामाणिकपणाचा आव आणला. आपले लोक गोड बोलून खोटं बोलतात, मी सरळ बोलून बोलले, एवढाच फरक.

का, ते ऐका. नवरा गेल्यापासून सहा वर्षं मी हवं तेव्हा जेवते. रेडिओ मोठ्याने लावते. उन्हाळ्यात गच्चीवर हातपाय पसरून झोपते. मला कोणी विचारत नाही की चहाला उशीर का झाला. आधी वडील, मग तुम्ही, मग नवरा. तुम्ही सुट्टीवर यायचात तेव्हा पेला जिथे प्यायचात तिथेच ठेवायचात आणि हाक मारायचात. मी तो पेला उचलत उचलत म्हातारी झाले. मला तुम्ही आवडता दादाश, पण लांबून.

तुमचं पत्र बिर्गितला वाचून दाखवलं. तिला घरातलं सांगू नको म्हणाला होतात, तरी दाखवलं. वाटलं ती वही काढेल. तिने काढली नाही. तिने फक्त विचारलं, ते कधी येतात? मी म्हटलं, अगं, मी अजून हो म्हटलं नाही. ती म्हणाली, पण त्यांनी विचारलं ना? आणि उठून तिची पेटी वरच्या खोलीत एका बाजूला सरकवायला लागली. तिची आई आता तिच्याबरोबर वर राहील.

मग मी कोरसीत पाय घालून बसले आणि रडले. तुम्ही माझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. तुम्हाला मागण्याआधीच मिळत आलं, आम्ही देत आलो. मागितल्यावर देण्यात काय असतं ते मला ह्या वयात कळायचं होतं.

तर ऐका. पेला तुमचा तुम्ही विसळायचा. चहाबद्दल माझ्या घरात एक अक्षर काढायचं नाही, हवा तर तुमचा वेगळा करून प्या. दुपारी मी बतूलकडे जाईन. तिची समजूत काढली आहे, दारात दोन तास उभी राहून आग्रह केला तेव्हा ती बोलायला लागली. रेडिओ बंद करा म्हणायचं नाही. पटत असेल तर या. हे मी एकदाच लिहिते आहे आणि मनापासून लिहिते आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी ते नाहीच धरीन.

इशरत

*

रश्त, ३ दे

इशरत,

हो.

डाळिंबाचं वाचून लागलं. पेल्याचं वाचून जास्त लागलं, कारण ते पत्र मी वाचून ठेवलं तेव्हा शेजारी खिडकीत काल रात्रीचा पेला तसाच होता. मी उठून तो विसळला. हातातून निसटला, पण फुटला नाही.

काल जेवताना सीरूसला विचारलं, बाळा, तू मला राहा म्हणाला होतास ते मनापासून होतं का? त्याचा घास हातातच राहिला. त्याची आई म्हणाली, अहो, हा काय प्रश्न झाला. पण त्याने तो घास ताटात ठेवला आणि म्हणाला, काका, खरं सांगू? नव्हतं. मला राग यायला हवा होता. मी म्हणालो, मग तो मासा इकडे कर. त्यानंतर आम्ही तिघं पोटभर जेवलो आणि हसलो. मुलूक गेल्यापासून ह्या घरात कोणी हसलं नव्हतं. गालिचे आज त्यानेच बसच्या कचेरीत नेऊन टाकले.

मी मंगळवारच्या बसने निघतो, बुधवारी दुपारी यझ्दला पोहोचतो. सामान फार नाही. थांब्यावर न्यायला येऊ नकोस, तुझे गुडघे दुखतात, वारा फार असतो, मी विचारत विचारत येईन, मला काही अडचण नाही.

वरची ओळ खोडत नाही, तुला दिसू दे कशी सवय आहे ती. न्यायला ये.

लुत्फुल्ला